स्पॅनिशमध्ये चूक कबूल कशी करावी आणि दोष कसा द्यावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

मराठीत ‘माफ करा’ एवढे दोन शब्द बरीच कामे करतात. गर्दीत धक्का लागला, अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा असला किंवा कोणाचे खरोखर नुकसान झाले, तरी आपण तेच म्हणतो. स्पॅनिशमध्ये या कामांची वाटणी झालेली आहे. चूक कोणाची हे एका शब्दाने सांगायचे, त्याबद्दल मनाला काय वाटते हे दुसऱ्याने, आणि समोरच्याने आता काय करावे ही विनंती तिसऱ्याने. नवशिका अडखळतो तो बहुधा व्याकरणामुळे नव्हे, तर ही तीन कामे एकमेकांत मिसळल्यामुळे. म्हणून या लेखात शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी, प्रसंग आला की वाक्य कोणत्या बाजूने सुरू करायचे हे पाहू.

आधी उच्चारांविषयी. येथे दिलेले उच्चार लॅटिन अमेरिकेतील पद्धतीचे आहेत. स्पेनच्या बहुतेक भागांत त्यांतील काही ‘स’ दातांमध्ये जीभ ठेवून उच्चारले जातात. स्पॅनिश ‘त’, ‘द’ आणि ‘प’ हे जवळजवळ मराठीसारखेच असल्याने आपल्याला या बाबतीत फार कष्ट पडत नाहीत.

पहिली पायरी : ‘कुल्पा’ हा शब्द हातात घेणे

‘ला कुल्पा’ म्हणजे दोष. शब्द स्त्रीलिंगी असून मूळ लॅटिन आहे. पोर्तुगीजमध्येही तो आहे, त्यामुळे गोव्यात जुन्या पिढीतील ज्यांना पोर्तुगीज येते त्यांना तो परका वाटणार नाही. कॅथलिक प्रार्थनेत पापाची कबुली देताना छातीवर हात मारून ‘पोर मी कुल्पा, पोर मी कुल्पा, पोर मी ग्रान कुल्पा’ असे म्हणतात, म्हणजे ‘माझ्या दोषामुळे, माझ्या दोषामुळे, माझ्या मोठ्या दोषामुळे’. या प्रार्थनेच्या लॅटिन पाठातला ‘मेआ कुल्पा’ स्पॅनिश वर्तमानपत्रांत आजही दिसतो : एखाद्या मंत्र्याने जाहीरपणे चूक मान्य केली की त्याने ‘मेआ कुल्पा’ गायला असे लिहितात.

हा शब्द वापरण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली मराठीला जवळची आहे : ‘ला कुल्पा एस मीआ’ म्हणजे दोष माझा आहे, ‘ला कुल्पा एस तूया’ म्हणजे दोष तुझा आहे, आणि ‘ला कुल्पा एस दे पेद्रो’ म्हणजे दोष पेद्रोचा आहे. दुसऱ्या रीतीत दोष ही जवळ बाळगण्याची वस्तू असते. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे, त्यामुळे ‘तेन्गो ला कुल्पा’ याचा शब्दशः अर्थ ‘माझ्याकडे दोष आहे’ असा होतो. मराठी कानाला हे विचित्र वाटते, परंतु रोजच्या बोलण्यात ही रीत फार चालते आणि ती लवकर अंगवळणी पाडून घ्यावी. ‘किएन तिएने ला कुल्पा?’ म्हणजे चूक कोणाची? आणि वैतागलेल्या माणसाच्या तोंडी हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘के कुल्पा तेन्गो यो?’ त्याचा ठसका नेमका आपल्या ‘त्यात माझा काय दोष?’ एवढाच आहे.

‘यो नो तेन्गो ला कुल्पा दे के युएबा’ (पाऊस पडतो यात माझा दोष नाही) या वाक्यातील ‘युएबा’कडे थोडे लक्ष द्यावे. साध्या विधानात पाऊस पडतो यासाठी ‘युएबे’ म्हणतात. येथे ‘दे के’नंतर क्रियापदाचे संकेतार्थी वळणाचे रूप आले आहे, कारण पाऊस पडतो ही बातमी देणे हा वाक्याचा हेतू नसून त्या घटनेबद्दलची आपली भूमिका सांगणे हा आहे. पहिल्या काही महिन्यांत हे रूप जमले नाही तरी चालेल, समोरच्याला अर्थ कळतो.

येथे एक सापळा आहे. शब्दकोशात ‘कुल्पाब्ले’ म्हणजे दोषी असे वाचून नवशिका पाच मिनिटे उशीर झाल्यावर ‘सोय कुल्पाब्ले’ म्हणतो. ते ऐकताना आरोपीच्या पिंजऱ्यातून दिलेल्या कबुलीजबाबासारखे वाटते. मनात अपराधी वाटते असे सांगायचे असल्यास ‘मे सिएन्तो कुल्पाब्ले’ म्हणावे, आणि चूक आपली होती एवढेच सांगायचे असल्यास ‘फुए कुल्पा मीआ’ पुरेसे आहे. ‘कुल्पाब्ले’ पुरुष आणि स्त्री दोघांसाठी एकच राहते.

दुसरी पायरी : दोष दुसऱ्याकडे सरकवणे

मराठीत आपण दोष देतो किंवा खापर फोडतो. स्पॅनिश माणूस दोष फेकतो : ‘एचार ला कुल्पा’. ज्याच्यावर फेकायचा त्याच्यापूर्वी ‘आ’ येतो, जो आपल्या ‘ला’ प्रत्ययाचे काम करतो. ‘ले एचारोन ला कुल्पा आ पेद्रो’ म्हणजे त्यांनी पेद्रोला दोष दिला. पेद्रोचे नाव आलेच आहे तर सुरुवातीचे ‘ले’ कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर एवढेच की स्पॅनिशला अशी दुहेरी खूण आवडते, आणि ‘ले’ गाळल्यास वाक्य पुस्तकी वाटते. ‘मे एचो ला कुल्पा’ म्हणजे त्याने माझ्यावर दोष टाकला.

‘कुल्पार’ हे एका शब्दाचे क्रियापदही आहे, पण त्याची जागा बातम्यांत आणि लिखाणात अधिक : ‘लो कुल्पारोन देल रोबो’, त्याच्यावर चोरीचा ठपका ठेवला. ‘आकुसार’ म्हणजे आरोप करणे. ‘एचार एन कारा’ याचा शब्दशः अर्थ तोंडावर फेकणे, आणि जुनी चूक किंवा केलेले उपकार पुन्हा पुन्हा ऐकवणे यासाठी तो वापरतात. सासर-माहेरच्या गोष्टींत आपण ज्याला ‘टोमणे मारणे’ किंवा ‘काढून दाखवणे’ म्हणतो, त्याचाच हा सख्खा भाऊ.

कारण सांगताना मराठी माणसाची खरी परीक्षा होते. आपल्याकडे ‘मुळे’ हा प्रत्यय निष्पक्ष आहे : पावसामुळे पीक आले आणि पावसामुळेच पीक गेले. स्पॅनिशमध्ये ‘पोर कुल्पा दे ला युबिआ’ म्हटले की पावसाने वाईट केले हे ठरलेच, ‘ग्रासिआस आ ला युबिआ’ म्हटले की पावसाने भले केले. नुसते कारण नोंदवायचे असेल तर ‘देबीदो आ ला युबिआ’ असे म्हणावे. कार्यालयीन पत्रात सहकाऱ्याच्या नावापुढे चुकून ‘पोर कुल्पा दे’ लिहिले गेले तर ती तक्रार ठरते, लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही नसले तरीही. उलट बाजूने, फजितीनंतर ‘ग्रासिआस आ तुस इदेआस’ (तुझ्या कल्पनांच्या कृपेने) म्हणण्याचा उपरोध मात्र आपल्या ‘कृपेने’सारखाच चालतो.

तिसरी पायरी : ‘से मे’, म्हणजेच ‘माझ्या हातून’

या भागावर थोडे अधिक थांबू, कारण येथे मराठी भाषकाला जन्मजात फायदा आहे आणि बहुतेकांना तो कोणी सांगत नाही.

पेला फुटला आहे असे समजा. ‘रोम्पी एल बासो’ म्हणजे मी पेला फोडला. व्याकरण निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्याला वाटते की तुम्ही तो भिंतीवर आपटला. अपघाताने घडले असेल तर म्हणावे ‘से मे रोम्पिओ एल बासो’. पेला खाली पडला तर ‘से मे कायो एल बासो’. या रचनेत पेला हा कर्ता आहे, पडण्याची क्रिया त्याची आहे, आणि ‘मे’ म्हणजे ‘मला, माझ्या बाबतीत’ एवढाच माझा सहभाग. दोन पेले पडले तर क्रियापद पेल्यांनुसार बदलते : ‘से मे कायेरोन लोस बासोस’. आता मराठी पाहा. ‘माझ्या हातून पेला पडला’, ‘माझ्या हातून पेले पडले’. क्रियापद पेल्याचे ऐकते, माझे ऐकत नाही. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणाऱ्यांना या रचनेसाठी आठवडे घालवावे लागतात. आपण केवळ इंग्रजीतून विचार करणे थांबवायचे आहे.

‘से मे ओल्बिदारोन लास याबेस’ (किल्ल्या विसरल्या) हे तर मराठीतील ‘मला विसर पडला’ या वळणाचेच आहे. आणि ‘से मे ईसो तार्दे’ म्हणजे ‘मला उशीर झाला’. दोन्ही भाषांत उशीर होतो, मी तो करत नाही. भात करपला तर ‘से मे केमो एल आर्रोस’. दुसऱ्याचे सांगायचे असल्यास ‘मे’च्या जागी ‘ते’, ‘ले’, ‘नोस’ किंवा ‘लेस’ : ‘आ पेद्रो से ले ओल्बिदारोन लास याबेस’. राहून गेलेल्या कामासाठी ‘से मे पासो’, म्हणजे ‘माझ्या नजरेतून सुटले’.

या फरकावर संशोधनही झाले आहे. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही चित्रफिती दाखवल्या, ज्यांत माणसे कधी मुद्दाम तर कधी चुकून वस्तू फोडत किंवा सांडत होती. मुद्दाम केलेल्या कृतींचे वर्णन दोन्ही गटांनी कर्त्यासह केले आणि कर्ता कोण होता हे त्यांना सारखेच आठवले. अपघाती घटनांचे वर्णन करताना मात्र स्पॅनिश भाषकांनी कर्ता कमी वेळा घेतला, आणि तो कोण होता हे इंग्रजी भाषकांच्या तुलनेत त्यांच्या लक्षातही कमी राहिले. यावरून स्पॅनिश लोक जबाबदारी टाळतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ‘माझ्या हातून पडले’ म्हणणाऱ्या आजीला कोणी पळपुटी म्हणत नाही.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. ‘से मे’ म्हणजे नेहमीच ‘माझ्या हातून’ नव्हे. ‘से मे रोम्पिओ एल कोचे’ म्हणजे माझी गाडी बिघडली. तिला मी हातही लावला नसेल, त्रास माझ्या वाट्याला आला एवढाच त्याचा अर्थ. दुसरे म्हणजे ही रचना लहान अपघातांसाठी शोभते. ग्राहकाचे पैसे चुकीच्या खात्यात गेले असतील आणि तुम्ही ‘से मे पासो’ म्हणालात, तर अंग काढून घेतल्यासारखे दिसते. तेथे ‘मे एकिबोके’ (मी चुकलो) किंवा ‘फुए उन एर्रोर मीओ’ (ती माझी चूक होती) असे सरळ कर्त्यासह बोलावे. मुद्दाम केले नाही असे स्पष्ट करायचे असल्यास ‘फुए सिन केरेर’ म्हणतात, शब्दशः ‘न इच्छिता’, म्हणजे आपले ‘नकळत’. याच्या विरुद्ध ‘आ प्रोपोसितो’ किंवा ‘आद्रेदे’, म्हणजे मुद्दाम.

चौथी पायरी : माफी मागणे

‘दिस्कुल्पा’ या शब्दात ‘कुल्पा’ लपलेली आहे आणि तिच्या आधी दूर करण्याचा उपसर्ग आहे. म्हणजे ‘दिस्कुल्पे’ म्हणताना आपण समोरच्याला ‘माझ्यावरचा दोष काढून घ्या’ असे सांगत असतो. तो काढून घेण्याचा अधिकार त्याचा आहे, हे ध्यानात ठेवले की ‘पेदिर दिस्कुल्पास’ (माफी मागणे) यातील मागण्याचा अर्थ आपोआप उलगडतो.

अनोळखी माणसाला थांबवून रस्ता विचारण्यासाठी ‘दिस्कुल्पे’ योग्य. ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला ‘दिस्कुल्पा’. हा भेद आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्यातला आहे. पण कोणाला तुम्ही म्हणायचे याची रेषा देशागणिक सरकते : कोलंबियाची राजधानी बोगोतामध्ये घरच्या माणसांतही ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, ऐकू येते, तर स्पेनमध्ये दुकानदार पहिल्याच भेटीत ‘तू’ वर येतो. मेक्सिकोत ‘दिस्कूल्पामे’ म्हणताना जोर ‘कूल्’वर असतो, अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ चालत असल्याने तोच शब्द ‘पा’वर जोर देऊन ‘दिस्कुल्पामे’ असा होतो. रस्त्याचे काम चालू असलेल्या जागी ‘दिस्कुल्पेन लास मोलेस्तिआस’ अशी पाटी दिसली तर ती आपल्याकडील ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’च्या पाटीचेच भावंड समजावे.

‘पेर्दोन’ हा झटपट शब्द : धक्का लागला, नीट ऐकू आले नाही, बोलण्यात अडथळा आला. पण ‘पेदिर पेर्दोन’ असे पूर्ण रूप घेतले की तोच शब्द जड होतो, आणि नैतिक किंवा ऐतिहासिक अपराधाची क्षमा मागण्यापर्यंत पोहोचतो. 2019 च्या मार्चमध्ये मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष आन्द्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनच्या राजाला पत्र पाठवून 1519 पासूनच्या स्पॅनिश विजयाच्या काळातील अत्याचारांबद्दल अशीच क्षमा मागावी अशी मागणी केली होती, आणि स्पेनच्या सरकारने ती फेटाळली. गर्दीतून वाट काढायची असल्यास मेक्सिकोत ‘पेर्दोन’पेक्षा ‘कोन पेर्मीसो’ म्हणणे अधिक सभ्य मानतात, कारण धक्का अजून लागलेला नसतो.

‘लो सिएन्तो’ म्हणजे शब्दशः ‘मला ते जाणवते’. येथे दोष कोणाचा याचा उल्लेखच नाही, म्हणून कोणाच्या घरी मृत्यू झाल्यावरही हेच शब्द चालतात. ‘सिएन्तो के’ने सुरू होणारे वाक्य मात्र जपून बांधावे : ‘सिएन्तो के आयास एस्पेरादो’ म्हणजे तुला थांबावे लागले याचे वाईट वाटते, पण ‘सिएन्तो के तिएनेस रासोन’ म्हणजे मला वाटते की तुझे बरोबर आहे. पुढचे क्रियापद कोणत्या रूपात आहे यावरूनच दुःख आहे की नुसते मत आहे हे ठरते.

या सर्वांचा एकत्र नमुना पाहायचा असेल तर 18 एप्रिल 2012 चा प्रसंग घ्यावा. स्पेन आर्थिक संकटात असताना राजे हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले होते, तेथे पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले, आणि हे कळताच देशभर संताप उसळला. रुग्णालयातून बाहेर पडताना ते म्हणाले : ‘लो सिएन्तो मूचो. मे ए एकिबोकादो इ नो बोल्बेरा आ ओकुर्रिर.’ म्हणजे ‘मला फार वाईट वाटते. मी चुकलो आणि पुन्हा असे घडणार नाही.’ मूळ स्पॅनिशमध्ये हे 11 शब्द आहेत. पहिल्या वाक्यात भावना आहे आणि दुसऱ्यात कर्त्यासह कबुली आहे, परंतु शेवटच्या तुकड्यात कर्ता गायब झाला : ‘मी पुन्हा करणार नाही’ असे नसून ‘घडणार नाही’ असे आहे. ‘कुल्पा’ नाही, ‘पेर्दोन’ नाही. विद्यार्थ्याने हे पाठ करून ठेवावे, कारण वर्गातली अर्धी माफी यात बसते, आणि काय सोडले आहे तेही शिकण्यासारखे आहे. लॅटिन अमेरिकेत ‘मे ए एकिबोकादो’ऐवजी साधा भूतकाळ, म्हणजे ‘मे एकिबोके’, अधिक ऐकू येतो. मित्रांमध्ये ‘मेती ला पाता’ (पाय घातला, म्हणजे घोळ केला) आणि मेक्सिकोत त्याच अर्थाने ‘ला रेगे’ चालते. ही दोन्ही वरिष्ठांसमोर टाळावीत.

पाचवी पायरी : मनातले सांगणे

चूक होऊन गेल्यावर जे आत टोचत राहते त्याला ‘रेमोर्दिमिएन्तो’ म्हणतात. त्यात ‘मोर्देर’, म्हणजे चावणे, हे क्रियापद आहे. ‘मे रेमुएर्दे ला कोन्सिएन्सिआ’ म्हणजे सदसद्विवेक मला पुन्हा पुन्हा चावतो. मराठीत आपले मन आपल्याला खाते, तेव्हा हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नसावी. केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप व्यक्त करण्यासाठी ‘मे आर्रेपिएन्तो दे’ : ‘मे आर्रेपिएन्तो दे आबेर्लो दीचो’, ते बोललो याचा मला पश्चात्ताप होतो.

लाज वेगळी. स्पेनमध्ये ‘मे दा बेर्गुएन्सा’ म्हणजे मला लाज वाटते आणि ‘मे दा पेना’ म्हणजे मला कीव किंवा वाईट वाटते. मेक्सिको, कोलंबिया आणि व्हेनेझुएलात मात्र ‘मे दा पेना’ म्हणजे संकोच वाटतो. उशिरा आलेला कोलंबियन सहकारी ‘के पेना’ म्हणाला तर त्याला तुमची दया आलेली नसते. आणि इंग्रजीवरून अंदाज बांधून कोणी ‘एम्बारासादा’ म्हणू नये, त्याचा अर्थ गरोदर असा आहे.

बातम्या वाचणाऱ्यांसाठी

मेक्सिको किंवा अर्जेंटिनाच्या वर्तमानपत्रात ‘ओमिसीदिओ कुल्पोसो’ दिसल्यास त्याचा अर्थ ‘गुन्हेगारी हेतूने केलेली हत्या’ असा लावू नये. कायद्याच्या भाषेत ‘कुल्पा’ म्हणजे निष्काळजीपणा आणि ‘दोलो’ म्हणजे हेतू. त्यामुळे ‘कुल्पोसो’ हे ‘दोलोसो’च्या विरुद्ध आहे. स्पेनच्या कायद्यात त्याच गुन्ह्यासाठी ‘इम्प्रुदेन्ते’ हा शब्द येतो. तसेच स्पेनमध्ये 2015 च्या दुरुस्तीनंतर संशयितासाठी ‘इम्पुतादो’ हा शब्द काढून ‘इन्बेस्तिगादो’, म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे तो, असा शब्द आणला, कारण पहिला शब्द ऐकताच लोक माणसाला दोषी धरून मोकळे होत.

म्हणी, थोड्या जपून

दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगणे याला ‘पागार लोस प्लातोस रोतोस’ म्हणतात : फुटलेल्या ताटल्यांचे पैसे भरणे. आपल्याकडेही मडके फुटतेच, पण आपण खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतो आणि स्पॅनिश माणूस फुटल्यानंतरचे बिल पाहतो. ‘पागान हुस्तोस पोर पेकादोरेस’ (पाप्यांसाठी सज्जन भरतात) म्हणजे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’. रिओ दे ला प्लाता परिसरात, म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेकडे, अडखळून पडणारा ‘एचार्ले ला कुल्पा आल एम्पेद्रादो’ करतो, म्हणजे दगडी रस्त्याला दोष देतो. त्याला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे निःसंकोच भाषांतरावे. मला सर्वांत आवडते ती ‘किएन से पीका, आहोस कोमे’ : ज्याला झोंबते त्याने लसूण खाल्लेला असतो. ‘खाई त्याला खवखवे’ आणि ही म्हण एकमेकींना कधी भेटल्या नसाव्यात, तरी दोघींनी घशातच पुरावा शोधला आहे. मात्र ती कोणाच्या तोंडावर म्हणणे म्हणजे त्याच्यावर थेट आरोप करणे, म्हणून आधी ती फक्त ऐकायला शिकावे.

माफी स्वीकारणे

समोरच्याने माफी मागितली की गप्प राहू नये, कारण गप्प राहणे म्हणजे राग धरणे असा अर्थ लावला जाऊ शकतो. स्पेनमध्ये ‘नो पासा नादा’ (काही बिघडले नाही) जवळजवळ प्रतिक्षिप्तपणे येते. ‘नो ते प्रेओकूपेस’ म्हणजे काळजी करू नकोस, आणि ‘तुम्ही’साठी ‘नो से प्रेओकूपे’. मेक्सिकोत ‘नो आय कुइदादो’ असेही म्हणतात. समोरचा उगाच स्वतःला दोष देत असेल तर पहिल्या पायरीवरचा शब्द पुन्हा कामाला येतो : ‘नो फुए कुल्पा तूया’. आणि त्याच्या हातून तुमचाच पेला फुटला असेल, तर ‘से ते कायो, नो पासा नादा’ म्हणावे, म्हणजे ‘तुझ्या हातून पडला, जाऊ दे’. ‘लो रोम्पीस्ते’ (तू फोडलास) म्हणू नये.